गडचिरोली-चिमूर मतदारसंघ नेमका आहे तरी कसा?

आर्वीकर_पल्लवी

नमस्कार मंडळी. मी मूळची आर्वीची. बँकेत आहे, यंदा बदली होऊन चामोर्शीला आले. कापूस-तुरीच्या मुलखातून थेट धानाच्या बांध्यांत. येण्याआधी घरच्यांनी जेवढी भीती घातली होती तसं काही दिसलं नाही. लोहखनिजाच्या ट्रकांची भीती मात्र खरी निघाली.

टीव्हीवर या मतदारसंघाचं नाव निघालं की दोनच शब्द ऐकू येतात, नक्षलग्रस्त आणि आदिवासीबहुल. माझ्या शाखेत पीककर्जाला येणारे कास्तकार बघते तर कुणबी, तेली, माळी, बौद्ध, गोंड, आणि मध्येच घरात बंगाली बोलणारी अख्खी गावं. मग इथं बहुसंख्य कोण? आणि निकाल कोणाच्या हातात आहे?

दुसरं कोडं. एप्रिल २०२४ च्या मतदानात काँग्रेसचे डॉ. नामदेव किरसान १ लाख ४१ हजारांवर मतांनी निवडून आले. त्याच नोव्हेंबरात विधानसभेच्या सहापैकी चार जागा महायुतीनं घेतल्या. मतदारयादी जवळपास तीच. सात महिन्यांत माणसं एवढी फिरली कशी? गुगलवरचे आकडे मला सापडतात, इथं राहणाऱ्यांकडून ऐकायचं आहे.


बुकिंगवाला_वडसा

पल्लवीताई, स्वागत आहे झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाच्या धानाच्या मुलखात. मी वडशाचा, म्हणजे देसाईगंजचा. माझं काम नाटकांचं, पण मी नट नाही, बुकिंग पाहतो. दिवाळी झाली की गावोगावचे मंडळवाले वडशात येतात, तारीख धरतात, विसार देतात, अन् मग होळीपर्यंत रात्रभर कुठं ना कुठं आपला मंडप. मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, जे असेल ते. मला मतदारसंघ कळतो तो पोस्टरवरून. नाटकाचं नाव, कलाकारांचे फोटो, अन् खाली उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, दीपप्रज्वलक, प्रमुख अतिथी अशी ओळीनं नावं. मंडळ यादी देते, मी छापायला टाकतो. कोण उद्घाटकाचा नुसता अतिथी झाला, कोणाचं नाव यंदा गळलं, यावरून त्या गावात कोणाची चलती आहे ते आपल्याला तलाठ्याच्या आधी समजते.

तं आधी भूगोल. सहा विधानसभा, तीन जिल्हे. गोंदियातलं आमगाव, चंद्रपुरातलं ब्रह्मपुरी अन् चिमूर, गडचिरोलीचे आरमोरी, गडचिरोली, अहेरी. वर सालेकसा-देवरीला छत्तीसगड लागते, खाली सिरोंचाला गोदावरी ओलांडली की तेलंगणा. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला रस्त्यानं जायचं म्हटलं तं साडेतीनशे किलोमीटरच्या वर. प्रचाराला उमेदवार सगळीकडं पोचत नाही, हे कोणत्याही पक्षाचा कार्यकर्ता तुम्हाला चहावर कबूल करेल.

हा मतदारसंघच २००८ च्या पुनर्रचनेतला. त्याआधी चिमूर नावाचा खुला मतदारसंघ होता. १९९८ ला तिथून जोगेंद्र कवाडे निवडून आले होते. त्या वर्षी रिपब्लिकन पक्षाचे चार खासदार झाले, अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, मुंबईतून रामदास आठवले, अन् चौथे हे. म्हणजे तीन विदर्भाचे. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागते.

२००९ पासून जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव. राज्यात अशा चारच, नंदुरबार, दिंडोरी, पालघर अन् आपली. आता आदिवासीबहुल म्हणता तं आकडा पाहा. २०११ च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या १० लाख ७३ हजारांच्या आसपास. त्यात आदिवासी ३८ टक्क्यांवर, अनुसूचित जाती ११ टक्क्यांच्या जवळ. उरलेले निम्मे लोक ना इकडचे ना तिकडचे. हा झाला गडचिरोली. ब्रह्मपुरी, चिमूर जोडलं की आदिवासींचा वाटा आणखी खाली येतो. राखीव जागा असण्यासाठी बहुसंख्य असावंच लागते असं नाही, राज्यातल्या बाकी मतदारसंघांच्या मानानं इथं वाटा जास्त, म्हणून राखीव. उमेदवार आदिवासी, निकाल लावणारे बहुतांश बिगर-आदिवासी. सगळं राजकारण या फटीतून चालते.

फट म्हणजे कशी? सहा विधानसभांपैकी चार राखीव. खुल्या फक्त दोन, ब्रह्मपुरी अन् चिमूर. कुणबी, तेली, माळी समाजाच्या पुढाऱ्याला आमदारकी लढायची तं तेवढ्या दोन जागा. म्हणून त्या दोन जागांवरचे आमदार, ब्रह्मपुरीत काँग्रेसचे विजय वडेट्टीवार अन् चिमुरात भाजपचे बंटी भांगडिया, लोकसभेच्या वेळी उमेदवारापेक्षा जड असतात. राखीव गावातल्या पोस्टरवरसुद्धा मी यांची नावं उद्घाटकाच्या ओळीत छापली आहेत.

अन् ओबीसीचा राग जुना आहे. जिल्ह्यातल्या क अन् ड वर्गाच्या भरतीत ओबीसी आरक्षण १९ वरून ६ टक्क्यांवर आलं होतं. माझ्यासोबतची पोरं शिकली, डी. एड. केलं, अन् तेवढ्यात दारच बंद. त्यावर ९ जून २०१४ ला राज्यपालांची अधिसूचना आली, पेसा म्हणजे आदिवासी ग्रामसभांच्या कायद्याखालच्या क्षेत्रातली तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक अशी पदं स्थानिक आदिवासींतूनच भरायची. आदिवासी पोरांसाठी ते न्यायाचं होतं, त्यात मला शंका नाही. ज्या गावात गोंडी कळणारा मास्तर नाही तिथं लेकरू शाळेत काय बसणार? पण एकाच बांधाच्या दोन बाजूंना राहणारी दोन घरं, अन् एका घरात कायमची निराशा, हे मतपेटीत उतरल्याशिवाय कसं राहील? त्या अधिसूचनेच्या आधीच, २०१४ च्या लोकसभेला इथं नोटाला २४ हजारांवर मतं पडली, राज्यात सगळ्यात जास्त. बाहेरच्यांनी त्याला नक्षल्यांचा बहिष्कार म्हटलं. अहो, बहिष्कारवाला केंद्रावर येऊन बटण कायले दाबेल? २०२१ मध्ये सरकारनं ते आरक्षण ६ चं १७ टक्के केलं, पण मधली एक पिढी गेली ती गेली.

आता निकालांची रांग. २००९ ला काँग्रेसचे मारोतराव कोवासे, भाजपच्या अशोक नेतेंना हरवून. तेव्हा फरक ३० हजारांच्याही आत. २०१४ ला नेते २ लाख ३६ हजारांवर मतांनी. २०१९ ला पुन्हा नेते, पण फरक ७७ हजारांवर आला. आता ते १९९८ काढा, म्हणजे आंबेडकरी मतांचा जोर. २०१९ ला प्रकाश आंबेडकरांच्या वंचित बहुजन आघाडीचे डॉ. रमेशकुमार गजबे १ लाखाच्या वर मतं घेऊन गेले. फरकापेक्षा जास्त! २०२४ ला वंचितचा उमेदवार होता, पण ते मतदान जागेवर राहिलं नाही. संविधान बदलणार ही चर्चा प्रत्येक बुद्धविहाराच्या ओट्यावर होती. आमचे एक तबलावाले, सिंदेवाहीकडचे, पक्षाचं नाव कधी काढत नाहीत, ते गाडीत बसल्या बसल्या म्हणाले, यंदा मत फोडायचं नाही. मला तेव्हाच निकाल कळला होता.

बाकी कारणं होतीच. दहा वर्षं एकच खासदार, धानाचा भाव, अन् वाघ. वाघ म्हटल्यावर हसू नका. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली, आरमोरी या पट्ट्यात माणसं मरतात. आमच्या वडसा भागात सीटी-१ नावाच्या वाघानं माणसं मारली, २०२२ च्या ऑक्टोबरात तो पकडला. त्या हंगामात जंगलालगतच्या मंडळांना नाटक ठेवावं की नाही हाच प्रश्न पडला होता, रात्री प्रेक्षक परत जाणार कसे? टीव्हीवर नक्षल, इथं चर्चा वाघाची.

सात महिन्यांचं कोडं उद्या लिहितो, आता लाईट जाते का राहते सांगता येत नाही.


गोदाकाठचा

बुकिंगवाले भाऊ, तुमचं नाटक आलापल्लीच्या खाली येत नाही म्हणून तुमचा मतदारसंघही आलापल्लीला संपतो का? मी सिरोंचाचा. आमच्या घरात तेलुगू, बाजार तेलंगणाचा, दवाखाना तेलंगणाचा. मेडिगड्डा बॅरेज तेलंगणानं बांधलं, २०१६ ला दोन राज्यांचा करार झाला, २०१९ ला उद्घाटन, अन् फुगवट्याचं पाणी आमच्या शेतात. आंदोलनं करून करून लोक थकले. २०२३ ला त्या बॅरेजचे खांब खचले तेव्हा कुठं चॅनलवाले आले, तेही नदीच्या पलीकडं उभे राहून बोलले.

अहेरी विधानसभेत पाच तालुके: अहेरी, सिरोंचा, मुलचेरा, एटापल्ली, भामरागड. क्षेत्रफळानं अर्धा जिल्हा. पण जिल्ह्यात चौरस किलोमीटरमागे माणसं ७४, आमच्याकडं त्याहून विरळ. मतं कमी म्हणून आमचा मुद्दा कोणाच्या भाषणात येत नाही. इथं पक्ष पाहत नाहीत, अहेरीचा राजवाडा पाहतात. २०२४ च्या विधानसभेला त्याच घराण्यातले धर्मरावबाबा आत्राम घड्याळावर, त्यांची मुलगी तुतारीवर, पुतणे अम्ब्रीशराव अपक्ष. निवडून आले बाबा. याचं गणित तुमच्या ओबीसी-एससीच्या वजाबाकीत कुठं बसते ते सांगा.


बुकिंगवाला_वडसा

गोदाकाठचे दादा, नाही बसत. आपल्या कंपनीच्या तारखा आलापल्लीच्या खाली क्वचितच लागतात, म्हणून मी तिकडचं लिहिलं नाही. जिथली खुर्ची आपण लावली नाही तिथल्या प्रेक्षकाबद्दल कायले बोलायचं? तुम्ही लिहा, आम्ही वाचू.

एवढं मात्र म्हणतो, नाटक जिथवर जाते अन् जिथं थांबते, ती रेघ मतदारसंघाच्या मधून जाते. वर रोवणा म्हणजे धानाची लावणी, चुरणा म्हणजे मळणी, मामा म्हणजे मालगुजारी तलाव, अन् मराठी. खाली मोहफूल, तेंदू, माडिया, गोंडी, तेलुगू. आमगावकडं हिंदी-छत्तीसगडी चालते, कोरचीतही. पल्लवीताईंना दिसलेली बंगाली गावं पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची, चामोर्शी अन् मुलचेरात. त्यांच्यातला नमशूद्र समाज पश्चिम बंगालात अनुसूचित जातीत आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. तो दाखला मिळवून देतो म्हणणारा प्रत्येक उमेदवार तिथं हार घालून घेतो.

आता सात महिने. एक, लोकसभेला मत पंजा का कमळ, विधानसभेला मत आपला माणूस कोण. पोस्टरवर ज्याचं नाव चार वर्षं उद्घाटक म्हणून छापलं, तेरवीला आला, ट्रान्सफॉर्मर जळला तेव्हा फोन उचलला, त्याला लोक पाडत नाहीत. वडेट्टीवार अन् भांगडिया वेगवेगळ्या पक्षांत, दोघंही टिकले. उलट गडचिरोलीत भाजपनं विद्यमान आमदाराचं तिकीट कापून डॉ. मिलिंद नरोटे हा नवा माणूस दिला अन् जागा राखली. आरमोरीत विद्यमान कृष्णा गजबे पडले, काँग्रेसचे रामदास मसराम आले. म्हणजे लाट म्हणावी तं लाट नव्हती, प्रत्येक विधानसभेचं वेगळं नाटक.

दोन, लाडकी बहीण. जुलै २०२४ पासून महिन्याला १,५०० रुपये. आमच्याकडं बाई पुरुषाच्या बरोबरीनं बांधीत उतरते, पण धानाचा चुकारा नवऱ्याच्या खात्यात जातो. हे पैसे तिच्या खात्यात आले. मी माझ्या घरात पाहिलं, बायकोनं पहिल्या पैशातून काय घेतलं ते मला आजवर सांगितलं नाही. मतदान २० नोव्हेंबरला, धान कापणी-बांधणीच्या ऐन गर्दीत, अन् तरी बायांच्या रांगा.

तीन, एप्रिलचा राग एप्रिलमध्येच निघून गेला. नेतेंना पाडायचं होतं, पाडलं. त्यात काँग्रेसचे दोनदाचे उमेदवार डॉ. नामदेव उसेंडी तिकीट न मिळाल्यानं भाजपमध्ये गेले, तरी फरक पडला नाही, यावरून समजा लोक कोणाकडं पाहत होते. राग संपला की माणूस परत आपल्या ओळखीच्याकडं जातो.


कोरचीची_सून

मी भंडाऱ्याकडची, लग्न होऊन कोरचीत आले. तुम्ही सगळे आमदार-खासदारांवर लिहिता, ग्रामसभेचं नावच कोणी काढलं नाही म्हणून लिहिते.

धानोऱ्यातल्या मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, देशात पहिल्या गावांमध्ये. आता जिल्ह्यात हजारावर गावांकडं असे दावे मंजूर आहेत. आमच्याकडं तेंदूचा लिलाव ग्रामसभा करते, ठेकेदाराशी भाव ठरवते, बोनस वाटते. आमच्या घरचा वर्षाचा मोठा पैसा मे महिन्याच्या त्या पंधरवड्यात येतो. म्हणून कोणी मत मागायला आलं की गावात पहिला प्रश्न, वनहक्काबद्दल तुमचं काय? खदानीबद्दल काय? २०१७ च्या जिल्हा परिषदेला भामरागडकडून ग्रामसभांच्या पाठिंब्यावरचा उमेदवार निवडून आला होता. लोकसभेला तो जोर चालत नाही कारण मतदारसंघ एवढा मोठा, वरच्या धानपट्टीला तेंदूशी घेणं-देणं नाही.

आणि मतदानाचं म्हणाल तर इथं टक्का दांडगा असतो. २०२४ च्या लोकसभेला राज्यात सगळ्यात जास्त मतदान याच मतदारसंघात, ७१ टक्क्यांवर. चार राखीव विधानसभांत वेळ सकाळी ७ ते दुपारी ३, फक्त ब्रह्मपुरी-चिमूरला संध्याकाळी ६ पर्यंत. एप्रिल म्हणजे मोहाचा हंगाम. बाया पहाटे मोहफूल वेचतात, टोपली घरी ठेवतात, हातपाय धुतात आणि ऊन तापायच्या आत रांगेत. माझी सासू दरवेळी माझ्याआधी शाई लावून परत आलेली असते. शहरात ६ पर्यंत वेळ देऊनही लोक येत नाहीत म्हणे.


क्रांतिभूमी_चिमूर

मतदारसंघाच्या नावात आमचं नाव शेवटी, कामातही शेवटी. १६ ऑगस्ट १९४२ ला ज्या गावानं इंग्रजांची सत्ता उखडली त्या गावाला अजून जिल्हा मिळाला नाही. २००९ पासून तिघे खासदार झाले, एकही आमच्या तालुक्यातला नाही. आमच्याकडं सोयाबीनही आहे, ताडोब्याच्या गेटावर पर्यटकांच्या जिप्सी आहेत, गडचिरोलीशी आमचं काय जुळते? आम्हाला चंद्रपूर नाहीतर नागपूर जवळचं. पुढच्या पुनर्रचनेत हे जोडकाम सोडवा एवढीच मागणी.


बुकिंगवाला_वडसा

चिमूरवाले भाऊ, नाटकाच्या तारखा मात्र तुम्हाला वडशाच्याच लागतात! गंमत केली, राग नसावा. जिल्ह्याची मागणी रास्त आहे, पण ब्रह्मपुरीवालेही तीच मागणी घेऊन बसले आहेत अन् दोघांची भांडणं पाहून मुंबईवाले निवांत झोपतात.

कोरचीच्या ताई, तुमचं खरं आहे. वरच्या पट्टीत ग्रामसभेला लोक कोरमपुरते येतात.


आर्वीकर_पल्लवी

एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काका, तुमच्या पोस्टरवरून माझ्या डोक्यात आलं की आमच्या शाखेतल्या गावांचं मतदान पाहावं. गावनिहाय कुठं मिळेल? आणि ओबीसी नेमके किती, याचा आकडा कुठंच सापडत नाही.


बुकिंगवाला_वडसा

सापडणार नाही ताई. १९३१ नंतर जनगणनेत सगळ्या जाती मोजल्याच नाहीत, एससी-एसटी तेवढे मोजतात. २०२७ च्या जनगणनेत जात विचारणार आहेत, तोवर कोणी ओबीसी इतके टक्के म्हणून छातीठोक सांगितलं तं तो त्याच्या पक्षाचा आकडा समजा.

मतदान मात्र केंद्रनिहाय मिळते. निवडणूक आयोगाच्या राज्याच्या साईटवर फॉर्म २० म्हणून पीडीएफ असतात, विधानसभेप्रमाणे. तिथं केंद्राचा क्रमांक असतो, गावाचं नाव मतदान केंद्रांच्या यादीतून जुळवून घ्या. मग २०११ च्या जनगणनेतली गावाची एससी-एसटी संख्या बाजूला मांडा. चामोर्शी तालुकाच घ्या, सगळे नमुने एका तालुक्यात आहेत. घोटकडचं एक बंगाली गाव, वैनगंगेकाठचं एक कुणबी-माळ्यांचं, अन् डोंगराकडचं एक गोंडांचं. २०१९ अन् २०२४ दोन्ही लोकसभा, मग २०२४ ची विधानसभा. एकाच गावाच्या तीन रांगा समोर आल्या की इथं आणून टाका, त्या गावात आमचा प्रयोग झाला असेल तं त्या वर्षीचं पोस्टर माझ्याकडं आहे, उद्घाटक कोण होता ते सांगतो.


गोदाकाठचा

फॉर्म २० काढताच आहात तर सिरोंचाचंही एखादं गाव घ्या ताई. बॅरेजच्या फुगवट्यातलं गाव कोणतं ते मी सांगतो. आमच्याकडं पोस्टर नाही, पण २०१४ पासून कोणत्या पुढाऱ्यानं कोणतं आश्वासन दिलं त्याची वही आहे.